‘पित्त झाले’ असे म्हणण्यापूर्वी

छातीत जळजळले, मळमळले किंवा पोट दुखू लागले, की आपल्याकडे घरोघरी एकच निदान ठरलेले असते : ‘पित्त झाले’. मग आल्याचा रस, खाण्याचा सोडा अथवा दुकानातून आणलेली गोळी यांवर वेळ निभावून नेली जाते. पुष्कळदा तेवढ्याने बरेही वाटते. परंतु या एका शब्दाआड अनेक विकार दडलेले असतात आणि त्यांतील काहींच्या बाबतीत दवडलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

आम्लपित्त

जठरात अन्नपचनासाठी तीव्र आम्ल स्रवते. जठराचे अस्तर ते सहन करते. अन्ननलिकेचे अस्तर मात्र तितके समर्थ नसते. या दोहोंमधील झडप सैल पडली, की आम्ल वर येते. छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात. भरपेट जेवून लगेच आडवे होणे, तंबाखू आणि मद्य यांमुळे हा त्रास वाढतो. जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर राखल्यास तो पुष्कळसा कमी होतो.

जठरव्रण

बेंबीच्या वरच्या भागात वारंवार दुखणे, रात्री त्या दुखण्याने जाग येणे, ही जठरातील किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील व्रणाची, म्हणजेच अल्सरची, लक्षणे असू शकतात. तिखट खाणे व मानसिक ताण हीच त्याची कारणे होत, असा समज दीर्घकाळ होता. ऑस्ट्रेलियातील डॉ. बॅरी मार्शल व डॉ. रॉबिन वॉरन यांनी १९८२ पासून केलेल्या संशोधनाने हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्याचे प्रमुख कारण असल्याचे दाखविले. डॉ. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये हे जिवाणू स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू प्रतिजैविकांनी नष्ट करता येतो. अंगदुखी-सांधेदुखीसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळेही व्रण होतात.

पित्त नव्हेच

तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती खांद्याकडे जात असेल, तर पित्ताशयात खडे असण्याचा संभव असतो. बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे काही तासांत उजवीकडे खाली सरकले, तर आंत्रपुच्छाचा दाह संभवतो. अशा वेळी एरंडेल किंवा अन्य रेचक मुळीच देऊ नये. जळजळीबरोबर दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. गोळी घेऊन वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

धोक्याच्या खुणा

डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी एकही खूण दिसल्यास घरगुती उपाय थांबवावेत आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. रक्ताची उलटी किंवा काळे शौच झाल्यास तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. म्हणून त्या चालू असल्यास तसे आवर्जून सांगावे.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात : कोठे दुखते, केव्हापासून दुखते, जेवणाने ते वाढते की शमते आणि आजवर कोणत्या गोळ्या घेतल्या. रुग्णाने दिलेली ही साधी माहिती अचूक निदानाची पहिली पायरी होय. ‘पित्त’ हा शब्द डॉक्टरांच्या तपासणीनंतर उच्चारला जावा, आधी नव्हे.