कष्टकरी भगिनींची पादत्राणे

दीपावली समीप आली की आपल्या इंदूरच्या पेढ्यांवरून मिठाईचे डबे व साड्या यांची मागणी नोंदविण्याची घाई सुरू होते. छावणीतील माझ्या गोदामात धान्य चाळणाऱ्या व निवडणाऱ्या भगिनींना मीही पुष्कळ वर्षे साडीच देत आलो. ज्या पायांवर त्या दिवसभर उभ्या असतात, त्यांचा विचार एका वर्षी मनात आला आणि मी एकाच मापाच्या बारा जोड्या घाऊक भावाने आणविल्या. चौघींना त्या घट्ट झाल्या, दोघींना सैल; आणि महिन्याभरात तळ उकलले. परखी लावल्यावाचून पोते न घेणाऱ्या व्यापाऱ्याने हा व्यवहार डोळे मिटून करावा, याची मला आजही लाज वाटते.

दिवसभर उभे राहिल्याने पाय सुजतात. म्हणून माप सायंकाळी घ्यावे. दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढावी व मोठ्या पायाचे माप धरावे. जोडा हाताने वाकवून पाहावा. तो बोटांपाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. टाचेमागे पट्टा अवश्य हवा, कारण सुटी चप्पल सावरताना बोटे सारखी आवळावी लागतात. सांडलेल्या दाण्यांवरून पाय घसरतो, हे आपणांस मी सांगावयास नको. तळाला खोल खाचा असाव्यात.

आपल्या घरांत चामड्याविषयी संकोच असतो, तो रास्तच आहे. कॅनव्हास व रबर घेतल्यास ती अडचण उरत नाही. मात्र पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत नुसता खोक्यात पडून राहिला तरी आतून कुजतो आणि पुढे त्याचा भुगा होतो. तेव्हा जुना साठा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. तो आणि किडका गहू, दोघांची जात एकच.

पायताण भेट देणे आपल्याकडे मानाचे समजत नाहीत. म्हणून मी आता ओळखीच्या दुकानदाराच्या नावे चिठ्ठी देतो. भगिनी स्वतः जोडा घालून, चार पावले चालून निवडतात. गेल्या वर्षी चिठ्ठी घेताना एक वयस्क भगिनी म्हणाल्या, "शेठजी, बसायला बाकही द्या ना!" दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय केरळने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली कायद्याने दिली, हे मी वाचलेले होते, तरी स्वतःच्या गोदामाकडे पाहिले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात जुन्या फळ्यांचे दोन बाक करविले. यंदा तिसरा सुताराला सांगितला आहे.