थराथरांतील विसांवा

मातीची भिंत घालणारा मनुष्य एक थर घातला म्हणजे तो सुकेपर्यंत थांबतो. घाई केल्यास भिंत खचते. धातूची वस्तु थरावर थर देऊन रचणाऱ्या यंत्रापुढेंहि असाच प्रश्न उभा राहतो.

आपल्या पवईस १९५८ सालीं स्थापन झालेल्या आय. आय. टी.मध्यें प्राध्यापक करुणाकरन् व त्यांचे सहकारी यांनीं असें एक यंत्र सिद्ध केलें. वेल्डिंगनें धातूचा थर घालावयाचा, मिलिंगनें तो सपाट करावयाचा व त्यावर पुढचा थर चढवावयाचा, अशी त्याची रीति.

तप्त थर निवतांना आकुंचन पावूं पाहतो. परंतु खालचा घट्ट थर त्यास जखडून धरतो. या ओढाताणीनें आंत ताण सांचतो, तळपट्टीचीं टोकें वर उचललीं जातात, व क्वचित् वस्तु तडकतेहि. मग दोन थरांमध्यें थांबावें काय?

अमेरिकेंतील पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा विसांवा ० ते ४० सेकंद ठेवून पाहिला. इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूंत विसांवा वाढवितां वांक व ताण दोन्ही घटले. टिटॅनियमच्या मिश्रधातूंत मात्र उलट घडलें. न थांबतां काम केलें तेव्हांच वांक कमी आला. कारण हा मिश्रधातु पुरेसा तप्त राहिल्यास त्यांतील ताण आपोआप शिथिल होतो.

तेव्हां किती थांबावें, हें धातूचा स्वभाव पाहूनच ठरवावें लागतें. एकाचा नियम दुसऱ्यास लावल्यास मोलाची वस्तु वायां जाते. म्हणून आधीं मोजावें, मग नियम सांगावा.