वारा पडण्यापूर्वीचे सात दिवस

पौषाच्या उत्तरार्धात, संक्रांतीच्या मागेपुढे, सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याशी वसलेल्या इगतपुरी, अकोले, जुन्नर आणि मावळ या टापूंत एखादा आठवडा असा येतो, की थंडीचा जोर एकाएकी ओसरतो, पहाटेच्या शेकोटीची कोणाला आठवण राहत नाही, आणि खिंडींतून सुटलेला वारा दिवसभर व पुष्कळदा रात्रभरही उभ्या पिकांवरून वाहत राहतो. ‘थंडी मोडली’ असे म्हणून शेतकरी या हवेचे स्वागत करतो, आणि हवा सुखाची वाटल्यामुळे कामाचा नेटही नकळत सैल पडतो. परंतु रब्बीच्या पिकाचे पुढे काय होणार, याचा निर्णय बहुधा याच सात दिवसांत होत असल्यामुळे, त्याविषयी चार गोष्टी विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते.

आमच्याकडे जुन्या बायका पहाटेच्या वेळी हरभऱ्यावर स्वच्छ पांढरे फडके अंथरीत, दवाबरोबर पानांवरची आंब त्यात उतरली की ते पिळून बाटलीत भरीत, आणि वर्षभर पोटदुखीवर औषध म्हणून जपून ठेवीत. ज्या आठवड्याविषयी मी लिहीत आहे, त्या आठवड्यात हे फडके कोरडेच परत येते. दव पडण्यास निरभ्र आणि निवांत रात्र लागते. वारा चालू असला की वरची ऊबदार हवा खाली मिसळत राहते, पाने दवबिंदूच्या खाली निवत नाहीत, आणि पहाटे शेतातून चालून गेले तरी धोतराचा काठ भिजत नाही. हे कोरडे फडके म्हणजे निसर्गाने दिलेले समजपत्र आहे. ते वाचता आले, तर आठवड्याचा सारा बंदोबस्त आपोआप सुचतो.

हवेचे कारण

उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ व पंजाबात पाऊस देत असताना, आपल्याकडे उत्तरेतून येणारा कोरडा व गार प्रवाह काही दिवस खंडित होतो, आणि त्याच्या जागी पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून आलेली, थोडी दमट हवा पठारावर पसरते. तिच्याबरोबर आलेले विरळ ढग रात्री जमिनीची ऊब निसटू देत नाहीत, म्हणून किमान तापमान चढते. पठारावरची ही हवा सह्याद्रीपाशी आली की माळशेज, नाणेघाट यांसारख्या वाटांतून दाटीने निघते, आणि म्हणूनच खिंडीच्या तोंडाशी असलेल्या शेताला दोन कोस पलीकडच्या शेतापेक्षा वाऱ्याचा मारा अधिक बसतो. विक्षोभ पुढे निघून गेला, की उत्तरेचा प्रवाह पुन्हा सुरू होतो आणि मोडलेली थंडी पूर्वीपेक्षा कडक होऊन परतते. तेव्हा ही ऊब म्हणजे थंडीचा शेवट नसून दोन थंड्यांमधील मुदत आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

पाण्याचा हिशेब

पानाभोवती बाष्पाचे जे पातळ आवरण असते ते वारा सतत पुसून नेतो, आणि त्यामुळे, उन्हाचा ताप न जाणवताही, पीक व जमीन दोन्ही नेहमीपेक्षा लवकर ओल गमावतात. हवा गार लागते म्हणून पाण्याची घाई नाही, अशी समजूत करून घेणे ही या आठवड्यातील पहिली चूक होय. वाफ्यातील माती बोटभर उकरून मुठीत दाबावी; लाडू वळला तर थांबावे, भुगा झाला तर पाण्याची तजवीज करावी.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. गहू ऐंशी दिवसांचा झाला होता, ओंब्या दुधावर होत्या, पाण्याची पाळी माझी होती, आणि वारा चालू असूनही पाळी चुकू नये म्हणून मी भर दुपारी सारे तुडुंब भरून घेतले. ओल्या मातीत मुळांची पकड सैल झाली, वर ओंबीचा भार होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो खिंडीच्या बाजूचा गहू पश्चिमेकडे माना टाकून लोळलेला. तो पुन्हा उभा राहिला नाही. जो दाणा निघाला तो बारीक व सुरकुतलेला निघाला. गव्हाला मुकुटमुळे फुटताना १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना ४० ते ४५ दिवसांनी, फुलोऱ्यात ६० ते ६५ दिवसांनी आणि दाणा भरताना ८० ते ८५ दिवसांनी पाणी द्यावे, हा शिरस्ता योग्यच आहे. मात्र शेवटच्या दोन पाळ्या वाऱ्यात आल्या तर पाणी हलके द्यावे, ते संध्याकाळी वारा मंदावल्यावर सोडावे, आणि वारा जोराचा असेल तर पाळी एक-दोन दिवस पुढे ढकलावी. या पिकाला दाणा भरतेवेळी साधारण २५ अंशांपर्यंतचे तापमान मानवते. ऊब त्यापलीकडे गेली तर दाणा पुरता भरण्याआधीच पक्व होऊ लागतो, म्हणून पाणी अजिबात तोडणेही हितावह नाही. तुषार संच असेल तर तो रात्रीच चालवावा, कारण दिवसाच्या वाऱ्यात एका बाजूला चिखल होतो आणि दुसरी कोरडी राहते.

हरभऱ्यास ३० ते ३५ आणि ६० ते ६५ दिवसांनी अशी दोन पाणी पुरेशी होतात. जादा पाण्याने ते पीक उभळते. नव्याने लावलेल्या उन्हाळ कांद्याची गोष्ट वेगळी आहे. लावणीनंतरच्या आंबवणी व चिंबवणी या त्याच्या दोन पाण्यांत वाऱ्यामुळे खंड पडला तर रोप धरत नाही, म्हणून लावणी शक्यतो दुपारनंतर करावी आणि पहिले पाणी त्याच संध्याकाळी द्यावे.

गव्हावरील गेरवा

गव्हाचा तांबेरा, ज्याला आपल्याकडे गेरवा असेही म्हणतात, तो आपल्या मैदानात उन्हाळा काढू शकत नाही. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी आयुष्य वेचून केलेल्या आणि १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की त्याचे बीजाणू डोंगरांच्या थंड हवेत तग धरतात, आणि वाऱ्यावर स्वार होऊन मैदानातील नव्या पिकावर येतात. आपल्या बाजूस ते मुख्यतः निलगिरी व पळणीच्या डोंगरांतून येतात. महाबळेश्वरी गेरव्याच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे, ते त्या डोंगरी हवेमुळेच.

वारा बीजाणू आणतो, परंतु ते रुजतात दवावर. कोरड्या वाऱ्याच्या आठवड्यात पानावर येऊन पडलेला बीजाणू तसाच राहतो, आणि वारा पडून पहिले दव आले, हवाही अजून सौम्य असली, की तो पानात शिरतो. म्हणून पाहणी वाऱ्यात सुरू करावी आणि वारा पडल्यावर आठवडाभर चालू ठेवावी. खालच्या पानावरून अंगठा फिरवावा. अंगठ्याला गेरूसारखी पूड लागली तर समजावे, की शत्रू आत आला आहे, आणि कृषी सहायकाच्या सल्ल्याने बुरशीनाशकाची फवारणी विनाविलंब करावी. निफाडच्या केंद्रातून आलेले त्र्यंबक व तपोवन यांसारखे तांबेऱ्याला प्रतिकारक्षम वाण ज्यांनी पेरले असतील त्यांची चिंता कमी असते. परंतु मावा त्यांनाही सोडत नाही. पोंग्यात चिकटा दिसला तर आधी ढालकिडे किती आहेत हे मोजावे. ते भरपूर असतील तर विष न मारता त्यांनाच काम करू द्यावे.

हरभरा, कांदा, द्राक्ष आणि घाटाखालचा आंबा

उबदार व ढगाळ हवेत घाटेअळीचा पतंग अंडी घालण्यास बाहेर पडतो. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत, आणि लागोपाठ तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग सापडले तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा: ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून घेऊन एकूण द्रावण १०० लिटर करावे. पिकात ठिकठिकाणी पक्षीथांबे रोवले, की साळुंक्या व कोतवाल उरलेले काम बिनपगारी करतात.

कांद्यात कोरड्या उबेने फुलकिडे वाढतात. पात मधून उघडून पाहिल्याशिवाय ते दिसत नाहीत. शेताभोवती मक्याच्या दोन ओळी असल्या तर वाराही अडतो आणि फुलकिडेही. द्राक्षबागेत वाऱ्याने घड तारेला व काडीला घासून मण्यांवर जे डाग उठतात ते पुढे बाजारात भाव पाडतात, तेव्हा मोकळ्या काड्या याच दिवसांत बांधून घ्याव्यात. भुरीला केवड्याप्रमाणे ओले पान लागत नाही. सौम्य, दमट व ढगाळ हवा तिला पुरते, म्हणून दव नाही एवढ्यावर बागाईतदाराने निश्चिंत होऊ नये.

घाटाखाली कोकणात हीच हवा निराळे रूप घेते. कडा उतरून खाली येताना ती दर १०० मीटरला सुमारे १ अंश तापते व कोरडी होते, आणि मोहोर सुकून वाटाण्याएवढी फळे गळू लागतात. अशा वेळी मोठ्या आंब्याच्या झाडास १५ दिवसांच्या अंतराने १५० ते २०० लिटर पाणी द्यावे, आणि आळ्यात वाळलेल्या गवताचे आच्छादन घालावे.

फवारणी व आग

वाऱ्याचा वेग मोजण्यास यंत्र नसले तरी झाड आहे. पाने नुसती सळसळत असतील तर वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर समजावा आणि फवारणी करावी. बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या तर पंप ठेवून द्यावा. धूळ उडू लागली तर पंपाकडे पाहूही नये. वाऱ्यात उडालेले औषध शेजारच्या भाजीवर, मधमाश्यांवर आणि फवारणाऱ्याच्या छातीत जाते, आणि त्याची भरपाई कोणत्याही दराने होत नाही.

याच वाऱ्यात बांध जाळण्याची तसदी कोणी घेऊ नये. डोंगरउतारावरचे गवत वाळलेले असते, आणि एका ठिणगीचा वणवा होण्यास खिंडीतला वारा पुरेसा आहे. गंजीभोवती चार हात जमीन खरवडून साफ ठेवावी.

वारा पडेल ती रात्र

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एके संध्याकाळी वारा अचानक पडतो, आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, आणि त्या रात्री जमीन आपली ऊब उघड्या आकाशाला देऊन टाकते. डोंगरावरची गार, जड हवा ओघळीतून पाण्यासारखी उतरून खोलगट शेतात साचते. पुण्याच्या हवामान खात्यातील डॉ. रामदास व आत्मनाथन यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे आढळले, की अशा निवांत रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीलगत नसून तिच्यापासून थोडे वर, वीतभर ते हातभर उंचीच्या सुमारास असते. म्हणजे हरभऱ्याचे फूल आणि कोवळा शेंडा नेमके त्या थरात सापडतात. वारा असेपर्यंत हा थर जमत नाही. ज्या वाऱ्याला आपण आठवडाभर दूषण देतो, तोच रात्रीचा राखणदार असतो.

त्या रात्रीची तयारी आधीच हवी. विहिरीचे पाणी हवेपेक्षा ऊबदार असते, म्हणून पहाटे हलके पाणी सोडता येईल अशी मोटार व पाट सज्ज ठेवावेत. द्राक्षबागेत ओला पालापाचोळा ठिकठिकाणी रचून धुरासाठी ठेवावा, आणि तो शांत हवेतच, माणूस जवळ उभा करून पेटवावा. पांढऱ्या जातीच्या घडांना कागद लावायचा असेल तर तो आताच लावावा, कारण थंडी व ऊब यांच्या हेलकाव्यात मणी गुलाबी पडतात. गोठ्याच्या वाऱ्याकडील बाजूस बारदान बांधावे.

आणि ज्यांना दरवर्षी हा वारा भेटतो, त्यांनी पावसाळ्यात बांधावर शेवरी, गिरिपुष्प किंवा बांबूची ओळ वाऱ्याला आडवी लावावी. अशी ओळ आपल्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत शेताला आडोसा देते. मात्र ती भिंतीसारखी गच्च नसावी, कारण गच्च आडोशामागे वारा भोवरे घेतो, आणि खोलगट जागी गार हवा कोंडून राहते.

बाकी सारे त्या फडक्यावर सोडावे. रोज पहाटे हरभऱ्यावर ते अंथरावे. कोरडे निघाले तर पाण्याचा व लोळण्याचा विचार करावा, आणि ज्या पहाटे ते जड होऊन हातात येईल त्या दिवशी बाकीची कामे बाजूला ठेवून गव्हाच्या पानावरून अंगठा फिरवावा, आणि संध्याकाळी आकाशाकडे पाहून मोटारीची कळ तपासूनच घरी जावे.