उंदरातील व्यतिरेक

तर्कशास्त्राच्या पुस्तकांत अन्वय आणि व्यतिरेक यांची उदाहरणे ठरलेली असतात. कारण असता कार्य असणे हा अन्वय. कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. स्वयंपाकघरातला धूर आणि डोहाचे पाणी यांपलीकडे आपण सहसा जात नाही. प्रस्तुत लेखात मी एक निराळे उदाहरण वाचकांपुढे ठेवणार आहे. ते प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात वाढते. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आहे, प्राणिशास्त्राचा नव्हे. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांनी माझी भाषा सांभाळून घ्यावी.

एखादे जनुक शरीरात कोणते काम करते हे कळावे कसे? एक मार्ग असा की, ते बाहेरून घालून पाहावे. १९८२ साली अमेरिकेत रिचर्ड पामिटर, राल्फ ब्रिन्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. मोठ्या जातीच्या उंदराचे, म्हणजे रॅटचे, वाढीच्या संप्रेरकाचे जनुक त्यांनी लहान उंदराच्या नुकत्याच फळलेल्या बीजांडात अतिसूक्ष्म काचनळीने सोडले. हे बीजांड मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान! त्या बीजांडांतून २१ पिले झाली, सातांत नवे जनुक उतरले आणि त्यांतली सहा आपल्या भावंडांहून पुष्कळच मोठी वाढली. हा झाला अन्वय.

व्यतिरेक मात्र अवघड. हजारो जनुकांतून नेमके एकच निकामी करावयाचे आणि बाकी सर्व जसेच्या तसे ठेवावयाचे. मिलच्या व्यतिरेक-पद्धतीची अटच ती आहे. त्यासाठी सख्ख्या भावंडांचा संकर निदान २० पिढ्या चालवून सिद्ध केलेल्या जाती वापरतात. त्यांतला एक उंदीर दुसऱ्याची जणू नक्कलच असतो.

पुढील कृती मला एखाद्या कथेसारखी वाटते. तपकिरी उंदराच्या भ्रूणातून काढलेल्या मूलपेशी बशीत वाढवितात. बिघडविलेले जनुक विजेच्या झटक्याने त्यांत शिरवितात. फारच थोड्या पेशींत ते मूळ जनुकाच्या जागी जाऊन बसते. त्याला औषध पचविणारे दुसरे एक जनुक जोडलेले असते. म्हणून बशीत ते औषध घातले की बाकीच्या पेशी मरतात आणि उरलेल्यांतून हव्या त्या तपासून निवडतात. या पेशी काळ्या उंदराच्या साडेतीन दिवसांच्या भ्रूणात सोडून तो भ्रूण दुसऱ्याच मादीच्या पोटी ठेवतात. त्या मादीचा आधी नसबंदी केलेल्या नराशी संग झालेला असतो, त्यामुळे गर्भ राहिला अशी तिच्या शरीराची समजूत होते. मी तिला मनातल्या मनात यशोदा म्हणतो. सुमारे तीन आठवड्यांनी काळ्या-तपकिरी ठिपक्यांची पिले जन्मतात. त्यांचा काळ्या उंदरांशी संकर करून तपकिरी पिलू झाले, म्हणजे मूलपेशींचा वारसा पुढे उतरला असे समजावे. अशा पिलांपैकी निम्म्यांत जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. त्यांचा आपसांत संकर केला की मेंडेलच्या हिशेबाने चौथ्या हिश्श्यात दोन्ही प्रती निकाम्या. या पद्धतीबद्दल मारिओ कापेक्की, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१३ पासून क्रिस्पर नावाच्या रेण्वीय कात्रीने हेच काम थेट बीजांडात, काही आठवड्यांत होऊ लागले आहे.

पण येथेच तर्काची कसोटी लागते. एचपीआरटी नावाच्या विकराचे जनुक ज्या मुलांत निकामी असते, ती आपलेच ओठ आणि बोटे चावून घायाळ करतात. या रोगाला लेश-नायहान म्हणतात. १९८७ साली दोन गटांनी हे जनुक निकामी असलेले उंदीर तयार केले. ते मजेत खात-पीत राहिले! कारण गेले, पण अपेक्षित कार्य दिसेना. एका जातीतला व्यतिरेक दुसऱ्या जातीला लागू करताना आपण एक न सांगितलेले गृहीतक वापरतो, हे या उंदरांनी उघड केले.

म्हणून सारा खटाटोप व्यर्थ असे मी म्हणणार नाही. २००७ साली अमेरिकेतील आयोवा येथे सार्स रोगाच्या अभ्यासासाठी माणसाचे एसीई-२ जनुक घातलेला उंदीर जाहीर झाला. सार्स ओसरला होता. २०२० साली कोरोनाचा मूळ विषाणू साध्या उंदराला बाधेना, तेव्हा त्याच जातीच्या गोठवून ठेवलेल्या रेतापासून पुन्हा उंदीर वाढविण्यात आले आणि लशींची व औषधांची परीक्षा त्यांच्यावर झाली.

मला अस्वस्थ करतो तो मेंडेलचा हिशेब. चौथा हिस्सा कामाचा. उरलेल्या तीन हिश्शांचे काय? काही तुलनेसाठी, काही पैदाशीसाठी ठेवतात. जे जास्त होतात ते मारले जातात. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच प्राण्यांची संख्या कमी करण्याचा आग्रह धरला होता. प्रत्येक शोधनिबंधात किती उंदीर वापरले याबरोबर किती जन्मले हाही आकडा छापला जावा, अशी माझी मागणी आहे. प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना ती बोलून दाखविली, तेव्हा ते म्हणाले, “आकडा असतो हो, पण तो पैदाशीच्या वहीत राहतो.”