जिताडा आणि पाऊणकी

माझा भाचा टेक्सासला असतो. तीन वर्षांपूर्वी त्याने एक खोकं पाठवलं. आत रबराचे जांभळे किडे, पाय हलवणारे बेडूक, चकचकीत पत्र्याच्या पात्या. पाठोपाठ फोनवर प्रवचन : "मामा, इथे बास असाच धरतात. तुम्ही अजून कोळंबीच लावत बसता?"

त्याचा बास तळ्यातला, गोड्या पाण्यातला. आपल्या खाडीत तो नाही. पण मुंबईच्या हॉटेलांत मेनूकार्डावर 'एशियन सी बास' म्हणून जो छापतात, तो आपला जिताडाच. गोव्यात आणि मालवणात चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. आमच्या रायगडात त्याचा मान वेगळाच. जावई पहिल्यांदा जेवायला आला की जिताडा, आणि साहेबाच्या टेबलावर कागद अडकला की तिथेही जिताडाच पोचतो, असं गमतीने म्हणतात. अगदीच गमतीने नाही.

मी दिघीचा. राजपुरी खाडीच्या दक्षिण अंगाला आमचं गाव, पलीकडे आगरदांडा, खाडीच्या तोंडाशी जंजिरा. नोकरी पनवेलला. शनिवारी रात्री घरी आणि रविवारी गरवायला, असा एकवीस वर्षांचा शिरस्ता. पहिली पाच-सहा वर्षं शिंगाळे आणि चिंबोऱ्यांनी खाल्लेली कोळंबी यापलीकडे काही हाती लागलं नाही. पुढे जे सुधारलं, ते बहुतेक मासे घालवून सुधारलं. ते सांगतो.

१. मासा शोधू नका, त्याचा डबा शोधा.

शेजारचे चाचा माझे गुरू. त्यांच्याकडे काठी नव्हती, रीळ नव्हतं. लाकडाच्या फळकुटावर गुंडाळलेलं तंगूस, एक गरी, एक शिसं. उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, येऊन तासभर नुसते बसायचे. मी मात्र दर पाच मिनिटांनी जागा बदलायचो, नवी कोळंबी लावायचो, लांब फेकायचो. एकदा न राहवून विचारलं, "चाचा, टाकत का नाही?" ते म्हणाले, "मासा कुठे आहे ते अल्लाला ठाऊक. त्याचा जेवणाचा डबा कुठे आहे तो बघ."

मग हळूहळू दिसायला लागलं. भरतीचं पाणी तिवरांत आणि खाजणात शिरतं, त्याच्याबरोबर बोयटं आणि कोळंबी आत जातात. आत गाळ, मुळं, सावली. त्यांना तिथे सुखाचं. ओहोटी लागली की त्या सगळ्यांना बाहेर यावंच लागतं, आणि बाहेर यायच्या वाटा थोड्या आणि अरुंद. लहान नाळ, बांधाला पडलेली खांड, खारभूमीच्या बांधाची उघाडी. जिताडा धावत सुटणारा मासा नाही. सुरमई पाठलाग करते, हा दबा धरतो. धारेकडे तोंड करून, एखाद्या दगडामागे, खांबामागे, पडलेल्या खोडाच्या आडोशाला तो थांबतो आणि पाणी जे आणून देईल ते गिळतो. म्हणून गरी टाकायची ती जोराच्या धारेत नाही आणि संथ डोहातही नाही. धार आणि डोह जिथे एकमेकांना घासतात, गढूळ पाण्याची आणि निवळ पाण्याची रेघ जिथे दिसते, तिथे. त्या रेघेवर कोळंबी टपटप उडायला लागली, बोयटांचा थवा एकदम फुटला, की चाचा उठायचे. दिवसातून तीन-चार वेळाच टाकायचे. मी चाळीस वेळा टाकायचो. घरी मासा कोण न्यायचं हे वेगळं सांगायला नको.

२. पाऊणकी पाठ करा.

वडिलांना शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ होती. मला नव्हती आणि तिचा उपयोगही माहीत नव्हता. किनाऱ्यावर मात्र पाऊणकी हेच घड्याळ. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणखी तितक्याच वेळाने पुन्हा भरती. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागून, एवढंच यातलं गणित. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा निघतात, प्रत्यक्षात पाणी बाराकडे झुकतं. खाडीत आत, मांदाडच्या बाजूला गेलं की आणखी उशीर. तेवढी सूट धरायची. मोबाईलवर आता मिनिटामिनिटाचा तक्ता मिळतो, मीही बघतो. पण तोंडी हिशेब येत असला की पनवेलच्या ऑफिसात बसल्या बसल्या डोळ्यांसमोर खाडी उभी राहते, हा फायदा तक्त्यात नाही.

वेळेइतकीच पाण्याची ताकदही बघायची. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला धार इतकी ओढते की शिसं तळाला ठरत नाही आणि पाणी चहासारखं होतं. अष्टमीच्या आगेमागे भांग. पाणी हलतच नाही म्हणा ना, आणि जिताड्यापर्यंत डबा पोचत नाही. या दोहोंच्या मधले दिवस आपले. त्यातही ओहोटी लागल्यावर पहिला तास मी चहा पितो. तिवरांची मुळं उघडी पडू लागली, आतलं पाणी निम्म्याखाली आलं, की खरं काम. पाणी थबकलं की डबा उघडून आपली भाकरी खावी. त्या वेळी जिताडाही बहुधा खात नाही.

अडचण एवढीच की माझी सुटी रविवारी आणि खाडी चालते तिथीवर. पंधरा वर्षं मी रविवार धरून बसलो. त्यात अर्धे रविवार भांगाचे किंवा भर उधाणाचे गेले. आता किरकोळ रजा तिथी बघून टाकतो. साहेबांना कारण 'घरगुती' सांगतो.

३. कोळंबी मेली की निम्मा मासा गेला.

मेलेल्या कोळंबीला शिंगाळा येतो, चिंबोरी येते. जिताड्याला हलणारं लागतं. कोळंबीच्या डोक्यावर जो काटेरी शेंडा असतो, त्याच्या मुळाशी गरी आडवी घालायची. आत काळसर ठिपका दिसतो, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. तिथे टोचलं की कोळंबी जागेवर मरते, चुकवलं की बराच वेळ नाचते. बोयट लावायचं तर वरच्या ओठातून. बादलीत गर्दी करू नका, ती उन्हात ठेवू नका, पाणी बदलत राहा. मी पूर्वी पन्नास कोळंब्या एका डब्यात कोंबायचो आणि तासाभरात सगळ्या पांढऱ्या पडायच्या. आता वीसच नेतो.

४. त्याच्या गालाला हात लावू नका.

जिताड्याच्या दातांची भीती नाही, ते खरखरीत कानशीसारखे. धार आहे ती गालफडाच्या झाकणाला. तिथे ब्लेडसारखी कड असते. माझा पहिला मोठा जिताडा, पाच किलोंच्या आत नसावा, उघाडीखाली लागला. तीन वेळा पाण्याबाहेर उडाला, चौथ्यांदा डोकं झाडलं आणि दोरी हलकी झाली. तुटलेलं टोक पाहिलं तर कात्रीने कापल्यासारखं. गरी बांधायला मी मुख्य दोरीचंच पातळ तंगूस वापरलं होतं. तेव्हापासून शेवटचा हातभर तुकडा जाड तंगुसाचा आणि दर माशानंतर बोटांनी चाचपून बघायचा. खरवडलेला लागला की कापून नवा. आळस करायचा नाही.

वर्षभराने दुसरा मिळाला तेव्हा आनंदाच्या भरात गालाखाली बोटं घातली. तर्जनीला चार टाके. खालचा जबडा अंगठ्याने धरावा किंवा सरळ जाळीच्या फडक्यात घ्यावा. ही अक्कल टाके पडल्यावर आली.

५. झटका देऊ नका. म्हणजे लगेच देऊ नका.

जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. पृष्ठभागावर हे झालं तर 'भप्प' असा आवाज येतो. रात्री खाडीकाठी हा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो आणि हात आपोआप वर जातो. तिथेच मासा जातो. आवाज ऐकून नाही, दोरी ताणून काठी जड झाल्यावर उचलायचं. तो उडू लागला की काठीचं टोक खाली, पाण्याकडे, आणि दोरीत सैलपणा येऊ द्यायचा नाही. बाकी नशीब.

६. रबरी किड्यांचं काय झालं?

पहिल्या हंगामात त्या खोक्यातल्या निम्म्या वस्तू तिवरांच्या मुळांना वाहिल्या. एक बेडूक आगरदांड्याच्या फेरीबोटीने आणलेल्या लाटेत हरवला. एका किड्याला प्लास्टिकची पिशवी लागली, चांगली झुंज दिली तिने. भाच्याला कळवलं तर म्हणाला, "मामा, हळू ओढा. अजून हळू."

त्याचं म्हणणं बरोबर निघालं. त्याचा बासही दबा धरणाराच. खोडं, मुळं, आडोसा, हे सगळं त्याच्या तळ्यात तसंच आहे. त्यामुळे कुठे टाकायचं याबद्दलचा त्याचा सल्ला इथे जसाच्या तसा चालतो. कधी टाकायचं याबद्दलचा चालत नाही, कारण तळ्याला भरती-ओहोटी नाही. उघाडीखालच्या रेघेवर पांढरा रबरी मासा धारेबरोबर नुसता वाहू दिला, मधेच एक हलका हिसका, पुन्हा वाहू दिला, तेव्हा अडीच किलोंचा जिताडा लागला. फोटो पाठवला. भाच्याने उलट मला त्यांच्याकडचा विक्रम ऐकवला : १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. त्याची बरोबरी व्हायला २००९ उजाडलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात. किलोत धरला तर तो मासा दहाचा. मी त्याला कळवलं की दहा किलोंचा जिताडा दिघीत दोन दिवस चर्चेत राहील, पेपरात मात्र यायचा नाही.

७. बॅटरी बंद. बोलणं हळू, पाय आपटणं नाही. पाण्यावर उजेड मारून मासा दिसत नसतो, आपण त्याला दिसतो. बंदराच्या आवारात जायचं नाही, तिथे मनाई असते आणि मासाही तिथे अधिक असतो असं काही नाही.

८. चिखलाला मान द्या.

ओहोटीला पाणी मागे गेलं म्हणून मी एकदा नाळेच्या मध्यापर्यंत उतरलो. मांडीपर्यंत रुतलो. जितकं पाय ओढावं तितकं खाली. निवट्या अंगाजवळून उड्या मारत गेल्या, त्यांना काय! शेवटी काठी आडवी टाकून तिच्यावर पोट टेकलं आणि बेडकासारखा सरकत बाहेर आलो. एक चप्पल अजून तिथेच आहे. भरती परत फिरायला वेळ होता म्हणून हे हसत लिहितोय. एकट्याने खाली उतरायचं नाही आणि परतीची वेळ आधी ठरवायची.

९. थोरली सोडा.

यावर गावात माझी चेष्टा होते. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे फार मोठा जिताडा हाती आला तर ती बहुतेक मादीच, आणि तिच्या पोटात लाखांनी अंडी. पावसाच्या तोंडाला या माद्या खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्याकडे उतरतात. पिल्लं मग आत तिवरांत आणि खारेपाटाच्या तळ्यांत येतात. अलिबाग-पेणकडे घरामागच्या तळ्यात जिताडे पाळायची रीत जुनी आहे. ती पिल्लं पिढ्यान्पिढ्या खाडीतूनच धरून आणलेली. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ साली या माशाचं बंदिस्त प्रजनन साधलं, म्हणून आता हॅचरीचीही पिल्लं मिळतात. पण राजपुरी खाडीला हॅचरी नाही. तिला त्या थोरल्याच.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. काठावरच्या गरीला ती लागू नाही, तरी मी त्या दोन महिन्यांत काठी माळ्यावर टाकतो. खरं सांगायचं तर पहिल्या पावसात उघाडीवर जिताडा जसा लागतो तसा वर्षात कधी लागत नाही, त्यामुळे हे सोपं जात नाही. दोन-तीन किलोंचा मी घरी नेतो, आईच्या हातच्या आगळाच्या कालवणाला तोच योग्य. त्याहून फार मोठा असेल तर सोडतो. आजवर दोनच सोडलेत. फार मोठे लागतात कुठे!

१०. वही ठेवा.

तिथी, वेळ, पाण्याचा रंग, वारा, काय लावलं, काय लागलं. 'काहीच नाही' हेही लिहायचं. माझ्या वहीत तेच जास्त आहे. पण चौदा वर्षांची पानं चाळल्यावर एक गोष्ट ठळक दिसली. निम्म्याहून जास्त जिताडे चतुर्थी ते षष्ठी या तीन तिथींना, संध्याकाळी मिळालेत. पंचमीला पाऊणकीने भरती पावणेचारला येते. साडेसहा-सातच्या सुमाराला पाणी निम्म्याखाली असतं आणि नेमका तेव्हाच उजेड जातो. चाचांना मी हे मोठ्या अभिमानाने दाखवायला गेलो. त्यांनी वही उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "हे लिहायला चौदा वर्षं लागली?"

तुम्हाला यायचं असेल तर पंचमीला या. पाच वाजेपर्यंत उघाडीवर पोचा, वीस कोळंब्या आणा, जुन्या चपला घाला.