मृणालच्या वर्गासाठी

अकोला

चि. मृणाल,


पर्यावरणाच्या तासाला पोरांना आपत्तीवरचे चित्रपट दाखवायचं तू ठरवलंस, हे छान केलंस. नाहीतर हे प्रकरण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतं आणि दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. फक्त चित्रपट जपून निवड.

'2012' किंवा 'द डे आफ्टर टुमारो' लावलास तर वर्ग खिळून बसेल. त्यातलं विज्ञान चुकीचं आहे, हे पोरांना सांगता येईल. त्याहून घातक चूक माणसांबद्दलची असते. असल्या चित्रपटांत संकट आलं की गर्दी सैरावैरा धावते, जो तो स्वतःपुरतं पाहतो. आपत्तींच्या अभ्यासात हयात घालवलेल्या एन्रिको क्वारान्टेली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाला उलटंच आढळलं. अशी पळापळ क्वचित होते आणि पहिली मदत शेजारीपाजारीच करतात. संकटात साधी माणसंच आधी सावध होतात, याचा आपल्याकडचा दाखला हवा तर माळीणचा दे. 30 जुलै 2014 ला डोंगर कोसळून ते गाव गाडलं गेलं आणि गाव जागेवर नाही, हे लक्षात आलं ते एस.टी.च्या चालकाच्या.

त्यापेक्षा ज्यूड अँथनी जोसेफ यांचा '2018' हा मल्याळम चित्रपट दाखव. अख्खा नको, मच्छीमार होड्या घेऊन येतात तेवढा भाग पुरे. केरळच्या ऑगस्ट 2018 मधल्या महापुरात ते खरोखर आले होते. मग पोरांना त्याच ऑगस्टमधली दुसरी गोष्ट सांग. मदतीच्या हाका फोनवरून बचावकार्याच्या संकेतस्थळापर्यंत पोचत होत्या आणि त्याच फोनवर मुल्लपेरियार धरण फुटल्याची अफवाही पसरत होती. धरण शाबूत होतं.

अफवेनं काय होतं, हे महाराष्ट्रानंही पाहिलंय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. म्हणून वर्गातल्या प्रत्येकाला आपल्या फोनमधला पुराचा एक जुना व्हिडिओ शोधायला लाव. तो कुठला, कधीचा, पहिल्यांदा कोणी टाकला? अर्ध्यांना उत्तर सापडणार नाही, आणि तोच धडा.

आता आपल्या वऱ्हाडाचं. 25 मे 2024 ला अकोल्यात उन्हापायी जिल्हाधिकाऱ्यांनी 144 कलम लावलं; शिकवणीवर्गांच्या वेळांवरही बंधनं आली. अशा उन्हाचा थरारपट कोण काढणार? त्यात काही कोसळत नाही, वाहून जात नाही. शेतात काम करणारी बाई चक्कर येऊन बसते, एवढंच. विजेचंही तसंच. पाऊस आला की मजूर निंबाखाली धावतात, आणि झाडाखालीच धोका जास्त. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' हे ॲप याचसाठी काढलंय. आसपास वीज पडण्याचा इशारा ते आधी देतं. तुझ्या पोरांपैकी किती जणांच्या फोनमध्ये ते आहे, विचारून बघ.

म्हणून आपल्या भागातल्या आपत्तींवरचे चित्रपट पोरांनीच करावेत. एक मिनिटाचे, वऱ्हाडी बोलीत, आपल्याच शेतात आणि आपल्याच माणसांना घेऊन. वरूडकडच्या पोरांना नदीपलीकडच्या मोवाडला पाठव. 30 जुलै 1991 च्या पुरात तिथं दोनशेवर माणसं गेली. तो पूर पाहिलेली म्हातारी माणसं अजून आहेत. पाणी कुठवर चढलं होतं, हे ती बोट दाखवून सांगतील.

एक मात्र कटाक्षानं पाळ. वरूडकडच्याच झुंज इथं 14 सप्टेंबर 2021 ला वर्धा नदीत नाव उलटली, 11 जीव गेले. अशा वेळचे प्रेतांचे, रडणाऱ्या नातलगांचे व्हिडिओ वर्गात अभ्यास म्हणूनसुद्धा फिरू देऊ नकोस. ती माणसं आपल्याच भागातली. त्यांच्या घरचं कुणी तुझ्यासमोरच्या बाकावर बसलेलं असू शकतं.

पहिला व्हिडिओ विजेवर करून घे, आणि पेरणीला लोक शेतात उतरण्याआधी तो गावागावांतल्या ग्रुपवर जाऊ दे.

तुझा,
मामा