परिचित वाटेपलीकडे

परिचित वाट सुखाची असते. परंतु माणसाची वाढ बहुधा तिच्यापलीकडे होते. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची घरची भाषा मराठी. शालेय शिक्षण बिलासपूर आणि रायपूरला झाले. पदवीनंतर सरकारी नोकरीची निश्चिंत वाट नाकारून त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. आर्थिक अडचणींमुळे ते तीन वर्षांतच बंद पडले. तरीही सप्रे मागे फिरले नाहीत. पुढे त्यांनी समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. मासिक थांबले, लिहिता लिहिता कमावलेले सामर्थ्य मात्र त्यांच्यापाशीच राहिले.

विचार करा : सप्रे यांनी काय गमावले आणि काय मिळवले?